चिंचेखालची वाढ

त्या राज्यात विकणारे चिंचेखाली बसत आणि ठरवणारे तळ्यात उभे राहत. दोघांच्या मध्ये एक टेकडी होती. ती फार उंच नव्हती, पण ती ओलांडायची तसदी सहसा कोणी घेत नसे.

चिंचेखालची पेठ जुनी होती. खार शेंगा विके. अस्वल मध विके आणि निम्मा स्वतः खाई. कस्तुराबाई नावाची चिचुंद्री अत्तर विके. तिच्या शेजारी क्षणभर उभं राहिलं की अत्तराची गरज कोणालाही पटे, त्यामुळे तिचा धंदा बरा होता. पेठेच्या ऐन मध्यावर, चिंचेच्या खोडाला पाठ लावून, साळूबाई साळिंदराचं दुकान होतं. ती सुया, दाभण आणि फण्या विके. माल तिच्या अंगावरच उगवे.

"माल घरचा आहे," ती गिऱ्हाइकाला सांगे. "मोडला तर परत आण, तुझ्यासमोर दुसरा उपटून देते. घासाघीस मात्र करू नकोस. मी अंग फुलवलं तर तुलाच जड जाईल."

गिऱ्हाइकं हसत आणि मुकाट्याने घेत. तिच्या दुकानासमोर खोडाभोवती दगडी कट्टा होता. सुई घ्यायला क्षण पुरे, पण कट्ट्यावर बसलेला ससा ऊन कलेपर्यंत उठत नसे. पेठ चाले ती त्या कट्ट्यावर.

चिंचेखाली एक शब्द कोणी उच्चारत नसे. तो शब्द म्हणजे बंद. संध्याकाळी दुकानाला फळ्या लावायची वेळ झाली की दुकानदार म्हणत, "चला, दुकान वाढवू या." काकण फुटलं तर ते वाढलं म्हणायचं. ज्याचा शेवट तोंडाने बोलवत नाही त्याला वाढवायचं, अशी तिथली रीत. पेठेत जन्मलेल्या पिल्लाला ती डोळे उघडण्याआधी कळे.

तळ्यात ही रीत नव्हती. तिथे बगळ्यांची सभा भरे. बगळे पांढरेशुभ्र, एका पायावर ताठ उभे. दुसरा पाय पोटाशी धरलेला. त्याला कधी चिखल लागत नसे. तळ्यात वाढे ते फक्त पाणी, आणि पाणी वाढलं की मासे वाढत. त्यामुळे वाढ हा शब्द कानी आला की बगळ्यांच्या माना आनंदाने लांब होत.

पेठेची खबर तळ्यावर नेण्याचं काम राघू नावाच्या पोपटाकडे होतं. राघू प्रामाणिक होता. ऐकलेल्या शब्दात त्याने कधी पदरचं अक्षर घातलं नाही. अर्थही घातला नाही.

पेठ भरभराटीला होती तेव्हा राघूने एकदा खबर नेली की चिंचेखाली पाय ठेवायला जागा नाही. सभेने विचार केला. गर्दी का होते? थांबल्यामुळे. कोणी थांबलंच नाही तर गर्दी होणार नाही. हे इतकं सरळ होतं की कोणी हरकत घेतली नाही. थांबपट्टी बसली: पेठेत जो थांबेल त्याने एक घास ठेवावा.

वसुलीला खेकडे नेमले. त्यांचा प्रमुख नांगरे. तो जमिनीलगत बसे आणि थांबलेला पाय दिसला की नांगीत धरी. घास मिळेपर्यंत सोडायचा नाही, हा हुकूम. खेकड्याला दिसतात ते पाय. पाय कोणाचा, हे पाहायला मान वर करावी लागते, आणि खेकड्याला मान नसते.

ससे यायचे कमी झाले. मग सभेने वाट एकेरी केली. पूर्वेकडून शिरायचं, पश्चिमेकडून निघायचं, मागे वळायचं नाही. पश्चिमेला बाभळीची घळ होती. गिऱ्हाइकाने सुई घेतली तर ती घरी पोचेपर्यंत काटे काढण्यातच झिजे.

त्याच सुमारास पेठेपलीकडचा माळ सभेने घूसशेठला फुकट दिला. घूसशेठने जमिनीखाली मोठं कोठार खणलं. तिथे शेंगा, मध, अत्तर, सुया, सगळं एका जागी मिळे. थांबायला पट्टी नव्हती. आत शिरायला तोंड होतं, पण बोलायला एकही तोंड नव्हतं. घ्यायचं आणि निघायचं. सुया बाभळीच्या काट्यांच्या होत्या आणि दुसऱ्या टाक्याला मोडत. पण लोक तिकडे जाऊ लागले. तिथे कोणी पाय धरत नव्हतं.

खारीने एका संध्याकाळी फळ्या लावल्या आणि डोळे पुसत म्हणाली, "वाढवलं बाई."

राघू तळ्यावर गेला. "खारीने दुकान वाढवलं."

"किती?" सभापतींनी विचारलं. ते सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत पांढरे होते.

"पूर्ण."

सभेने पंख वाजवले.

पुढे अस्वलाचं दुकान गेलं. राघू म्हणाला, "अस्वलाने तर कायमचं वाढवलं."

कायमची वाढ हे शब्द तळ्याने आजवर ऐकले नव्हते. त्या दिवशी सभेने एकमेकांना मासे भरवले. आणि वाढत्या पेठेत गर्दीही वाढणार, म्हणून आणखी खेकडे नेमले.

अखेर चिंचेखाली दोनच दुकानं उरली. कस्तुराबाई म्हणाली, "साळूबाई, टेकडी चढ. तळ्यावर जाऊन सांग त्यांना. तुझ्या जिभेलाही काटे आहेत."

साळूबाई मानी होती. कोणापुढे रडगाणं गाणं तिला ठाऊक नव्हतं. ती टेकडी चढली, तळ्याकाठी उभी राहिली आणि मोजकं बोलली.

"पेठ वाढवायची पाळी आली आहे. काय करायचं ते बघा."

"नोंद घेतली," सभापती म्हणाले, आणि त्यांच्या चोचीत हसू मावेना.

तळ्यावर नोंद घेतली याचा अर्थ वेगळा असतो, पण त्या खेपेला सभा खरोखर कामाला लागली. पेठ वाढवायची तर वाट रुंद हवी. वाटेत काय येतं? कट्टा. दुसऱ्या सकाळी खेकड्यांनी कट्ट्याचे दगड उपटून घळीत टाकले.

साळूबाईने ते पाहिलं आणि तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. "पाया पडायला गेले नाही म्हणून सूड उगवला मेल्यांनी," ती म्हणाली. त्यानंतर तिने तळ्याचं नाव काढलं नाही. समजावून सांगायला तर ती मुळीच गेली नाही.

काही काळाने राघू चिंचेवर बसून ओरडला, "ऐका हो ऐका! पेठेच्या वाढीबद्दल पौर्णिमेला वाढोत्सव होणार! सभा स्वतः पेठ पाहायला येणार!"

कस्तुराबाईने अत्तराची कुपी खाली ठेवली. "कशाचा उत्सव म्हणाला हा?"

"येऊ दे," साळूबाई म्हणाली. "मीही त्याच दिवशी कायमचं वाढवते. त्यांच्या डोळ्यांदेखत. मग माळावर जाऊन घुशीकडे काटे मोजत बसेन."

"तू गेलीस तर मी कोणाशेजारी बसू? माझ्या शेजारी बसणारी तू एकटीच आहेस."

"माझं नाक लहानपणीच गेलंय, म्हणून," साळूबाई म्हणाली. पण तिने पाठ वळवली, कारण डोळे भरले होते आणि ते दाखवायची तिला सवय नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी बगळ्यांची मिरवणूक टेकडी उतरून पूर्वेकडून पेठेत शिरली. पुढे सभापती, मागे सभा, वर राघू. वाट खरोखर रुंद होती. दुतर्फा फळ्या लावलेली दुकानं होती. बगळे कौतुकाने माना वळवत चालले.

"सगळी दुकानं कुठे आहेत?" मागच्या एकाने विचारलं.

"पुढे वाढली असतील," दुसरा म्हणाला.

ते चालत राहिले, कारण थांबायला पट्टी होती. मागे वळायला तर मनाईच होती. बघता बघता आख्खी सभा पश्चिमेकडून बाहेर पडली आणि बाभळीच्या घळीत शिरली. तिकडून काही वेळ पंखांची फडफड आणि सभेला न शोभणारे शब्द ऐकू आले.

सभापती मात्र साळूबाईच्या दुकानासमोर रेंगाळले. जन्माची सवय. त्यांनी एक पाय पोटाशी घेतला आणि ताठ उभे राहिले.

कडकन आवाज झाला. नांगरेने उरलेला पाय धरला होता.

"थांबलात. घास ठेवा," तो खालून म्हणाला.

"अरे, मी सभापती आहे!"

"पाय सगळे असंच म्हणतात. घास ठेवा."

सभापतींनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्याजवळ घास नव्हता. बगळा मासा पकडतो आणि गिळतो. घास बरोबर घेऊन तो हिंडत नाही. त्यांनी राघूकडे पाहिलं. राघूने घळीकडे पाहिलं.

साळूबाई हे सगळं दुकानातून पाहत होती. तिच्या टोपलीत उकडलेला कंद होता. त्यातला एक घास पुरेसा होता. तिने टोपलीवर पान नीट झाकलं.

"या सभापती," ती म्हणाली. "बसा म्हटलं असतं. पण कट्टा होता तिथे आता रुंदी आहे. उभेच राहा."

"बाई, मला सोडवा."

"घाई काय आहे? मला सवड आहे. दिवसभर सवडच आहे."

कस्तुराबाई हसू दाबत आली आणि सभापतींच्या मानेला अत्तर लावू लागली. "उत्सव आहे, लावून घ्या," ती म्हणाली. सभापतींनी तिचा वास घेतला आणि मग अत्तर स्वतःहून मान पुढे करून मागितलं.

ऊन वर चढलं. सभापती उभे होते. तळ्यात ते असेच दिवस दिवस उभे राहत, पण तिथे समोर पाणी असे आणि पाण्यात आपलंच रूप दिसे. इथे समोर वाट होती. वाटेवर कोणी येत नव्हतं. एक ससा पूर्वेकडून आला, साळूबाईकडे पाहून त्याने कान हलवले, नांगरे दिसताच पाय उचलले आणि धावतच पश्चिमेकडून निघून गेला.

"हा कोण?" सभापतींनी विचारलं.

"माझं जुनं गिऱ्हाईक. पूर्वी या कट्ट्यावर बसून माझं डोकं खायचा. आता धावता धावता बरी आहेस का विचारतो. मी उत्तर देईपर्यंत घळीत असतो."

दुपारी साळूबाईने टोपली उघडली. सभापतींची चोच नकळत तिकडे वळली. उपाशी पाहुणा समोर उभा ठेवून जेवणं मात्र तिला जमेना. राग असला तरी रीत होती.

"थांबा, वाढते," ती म्हणाली.

"आता आणखी काय वाढवता?" सभापतींनी चकित होऊन विचारलं. "दुकान?"

"दुकान वाढवतात. जेवण वाढतात. तळ्यात एवढंही शिकवत नाहीत?"

तिने पानावर कंद वाढला. सभापतींनी आयुष्यात प्रथमच मासा सोडून काही खाल्लं. त्यांनी एक घास पोटात घातला, दुसराही घातला, आणि तिसरा घालताना नांगरे खालून ओरडला, "माझा घास!" पण तोवर पान रिकामं झालं होतं. कस्तुराबाई हसून हसून लोळली. साळूबाईच्या ओठाचा कोपराही हलला, पण तिने तो जागेवर आणला.

खाल्ल्यावर सभापतींना बोलावंसं वाटू लागलं. चिंचेखाली खाऊन गप्प बसलेला आजवर कोणी नव्हता. त्यांनी सांगितलं की लहानपणी त्यांना उडायची भीती वाटे. मासा निसटला की अजूनही लाज वाटते. तळ्यात सगळे आपापल्या मासोळीकडे बघत उभे असतात आणि कोणी कोणाला बरा आहेस का विचारत नाही.

"बरे आहात का?" कस्तुराबाईने लगेच विचारलं.

"आता विचारलंत, म्हणून बरा आहे," सभापती म्हणाले.

ऊन उतरलं. साळूबाई उठली. तिने सुया टोपलीत भरल्या, फण्या त्यावर ठेवल्या, आणि दुकानाची पहिली फळी उचलली. ती तिने जोरात आपटून बसवली.

"हे काय करता?" सभापतींनी विचारलं.

"दुकान वाढवते," ती म्हणाली. "आज कायमचं."

तिने दुसरी फळी लावली. दुकान अर्धं झालं. तिने तिसरी लावली. एक फट उरली. सभापती मान लांब करून पाहत होते. आतली सुयांची चमक गेली, फण्यांची रांग गेली, खोडाला टेकायची जागा गेली. त्यांनी मान वळवली. खारीच्या दुकानावर फळ्या होत्या. अस्वलाच्या दुकानावर फळ्या होत्या. सकाळी ज्या फळ्या त्यांनी कौतुकाने पाहिल्या त्या सगळ्या अशाच होत्या.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "खारीने वाढवलं, ते असं?"

"असंच."

"आणि अस्वलाने?"

"असंच. रडत रडत."

"आणि तुम्ही तळ्यावर आलात, पेठ वाढवायची पाळी आली म्हणालात..."

साळूबाईच्या हातातली शेवटची फळी थांबली. तिने सभापतींकडे पाहिलं. मग कट्टा होता त्या जागेकडे पाहिलं. तिचे काटे हळूहळू खाली बसले.

"अरे देवा," ती म्हणाली. "आणि तुम्ही वाढवायला घेतली!"

प्रथम हसली ती साळूबाई. कित्येक दिवसांत ती हसली नव्हती, त्यामुळे हसू गंजलेल्या कुलपासारखं निघालं. मग कस्तुराबाई. मग सभापती, आणि बगळ्याचं हसणं कसं असतं हे तेव्हा कळलं. ते रडण्यासारखं असतं. हसता हसता ते खरंच रडले.

राघू वर बसून म्हणाला, "मी शब्द न् शब्द बरोबर सांगितला होता."

"तेच तर," तिघं म्हणाली.

सभापती गंभीर झाले. तळ्याचा ठराव मागे घेता येत नसे. बगळे मागे चालत नाहीत, आणि आजवर एकही ठराव मागे गेलेला नव्हता. त्यांची नजर त्या शेवटच्या फळीवर गेली. मग त्यांनी मान ताठ केली.

"राघू, ऐक. जाऊन सगळीकडे सांग. थांबपट्टी वाढवली."

साळूबाईचे काटे पुन्हा उभे राहू लागले.

"वाढवली म्हणजे? आता दोन घास घ्यायचे?" नांगरेने विचारलं.

"नाही. साळूबाईंनी दुकान वाढवलं, तशी वाढवली. कायमची."

नांगरेने डोळे बाहेर काढून फळ्यांकडे पाहिलं. एक, दोन, तीन. त्याला कळलं. त्याने नांगी उघडली.

"आणि एकेरी वाट?" साळूबाईने विचारलं.

"वाढवली."

"घुशीला फुकट जमीन?"

"तेही वाढवलं."

"आणि माझा कट्टा?"

"कट्टा वाढवा," सभापती म्हणाले, आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "म्हणजे आमच्या तळ्याच्या भाषेत. पहिल्यापेक्षा मोठा करा."

साळूबाईने शेवटची फळी खाली ठेवली. मग तिसरी काढली. मग दुसरी. पहिली जोरात बसवली होती, ती निघेना. सभापतींनी चोच घातली आणि ओढली. त्यांचं पांढरं अंग धुळीने भरलं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

राघू राज्यभर ओरडत फिरला, "थांबपट्टी वाढवली! एकेरी वाट वाढवली!" माळावर घूसशेठने ते ऐकलं, समाधानाने मिशा चोळल्या आणि आणखी एक कोठार खणायला घेतलं. त्याला पेठेची भाषा येत नव्हती. सशांना येत होती. त्यांनी ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं आणि कान पाठीवर टाकून चिंचेकडे धावत सुटले.

काटे काढत परतलेल्या सभेला सभापतींनी पेठेची भाषा शिकवली. घळीतून कट्ट्याचे दगड परत आले. ते खेकड्यांनी आणले. सोडायचं काम नव्हतं, धरून आणायचंच होतं, त्यामुळे त्यांना ते आवडलं. खारीने फळ्या काढल्या. अस्वल आलं आणि पहिल्या दिवशीचा सगळा मध स्वतःच खाऊन बसलं. कोणी काही म्हटलं नाही. एके दिवशी घूसशेठची बायको गुपचूप आली. तिला फणी हवी होती, असं ती म्हणाली. फणी घेऊन ती कट्ट्यावर बसली आणि घरी कोणी बोलतच नाही हे सांगत राहिली.

पुढच्या पौर्णिमेला संध्याकाळ झाली तरी चिंचेखाली इतकी दाटी होती की वाट दिसत नव्हती. साळूबाई फळी घ्यायला उठली. ससा म्हणाला, "बस गं मावशी, आत्ताशी कुठे आलोय." ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली, तर अस्वलाने तिची फळीच बुडाखाली घेतली होती. कस्तुराबाईकडचं अत्तर संपलं होतं, आणि तरीही तिच्या शेजारी कोणी ना कोणी बसलेलं होतं.

राघू चिंचेवरून उडाला. टेकडी ओलांडून तळ्यावर आला. पाण्यात चंद्र होता आणि चंद्राभोवती बगळे उभे होते, एकेका पायावर, माना लांब करून, वाट पाहत.

"बोल," सभापती म्हणाले.

"आज पेठेत कोणीही दुकान वाढवलं नाही," राघू म्हणाला.

तळ्यात आनंदाचा एकच कल्लोळ झाला. आणि एकेका बगळ्याने, चिखलाची पर्वा न करता, पोटाशी धरलेला दुसरा पाय खाली टेकला.